देवाची वेळ म्हणजे नेमकं काय? मला 15 तारखेच्या आत सांगायचं आहे

जागलकरी_आर्णी
9 डिसेंबर, रात्री 11:52

सर्वांना सलाम. शेतातल्या माळ्यावरून मोबाईलवर लिहितोय. तुरीला शेंगा भरत आल्यात, रानडुकरं आणि रोही (नीलगायी) रोज उतरतात, म्हणून रात्रभर जागल आहे. रेंज येते-जाते, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी आर्णी तालुक्यातल्या एका लहान गावचा. वय 35 पूर्ण. बी.ए. झालोय. शेती सहा एकर, कोरडवाहू. आजोबा यवतमाळच्या बायबल सेमिनरीत माळीकाम करायचे. 1983 मध्ये सेमिनरी पुण्याला गेली तेव्हा ते गावी येऊन राहिले. म्हणजे ख्रिस्ती विश्वासात आमची तिसरी पिढी. गावात आमची चार घरं, तालुक्याच्या मंडळीत (चर्चमध्ये) सगळी मिळून पंचवीस असतील, त्यातली अर्धी नात्यातली.

मुद्द्यावर येतो. माझं लग्न जमत नाही. अकरा ठिकाणी जाऊन पोहे खाऊन आलो. लहान भाऊ चाकणला कंपनीत आहे, त्याचं दुसऱ्याच ठिकाणी जमलं, आता त्याला दोन लेकरं आहेत. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात शेती किती, आणि दुसरा विचारतात शेतात जातं कोण. मी जातो म्हटलं की चहा थंड होतो. एका ठिकाणी तर मुलीचा बाप स्वतः शेतकरी, हाताला माझ्यासारखेच घट्टे, तोच म्हणाला, "पाव्हणं, वाईट वाटून घेऊ नका, पण मी माझी पोरगी पुन्हा कापसात नाही घालणार." त्याचा राग नाही येत हो. माझी बहीण असती तर मी काय केलं असतं?

आईनं 2016 मध्ये सुनेसाठी साडी घेऊन ठेवली. मोरपंखी, जरीकाठाची. लोखंडी पेटीत डांबरगोळ्या टाकून ठेवली आहे. दर तीन-चार महिन्यांनी ती पेटी उघडते, साडी काढते आणि घडी बदलून परत ठेवते. एकाच घडीवर राहिली तर जर तिथंच चिरते म्हणे. हे काम ती मी घरी नसताना करते, पण डांबरगोळ्यांचा वास दिवसभर घरात राहतो, मला कळतं.

मंडळीत सगळे एकच सांगतात: देवाची वेळ. गेल्या महिन्यात कॉटेज मीटिंग (घरी होणारी प्रार्थना सभा) आमच्याकडे होती, तिथं एका वडील माणसानं सगळ्यांसमोर सांगितलं की तुझा विश्वास कमी पडतो, म्हणून दार उघडत नाही. आईनं त्यांच्या ताटात दुसरी पुरणपोळी वाढली आणि आत निघून गेली.

आता खरी अडचण. एक मध्यस्थ भेटला आहे. दुसऱ्या राज्यातली मुलगी आहे म्हणतो, गरीब घर, फोटो दाखवला. एकूण 1 लाख 80 हजार, त्यातले 50 हजार 15 तारखेच्या आत. मी म्हटलं आम्ही ख्रिस्ती आहोत. तो म्हणाला, "काही प्रश्न नाही, बाप्तिस्मा घेते ना ती." जसं काही मीटर बसवून देतो. पण सोयाबीनचे पैसे खात्यात आहेत, आणि खोटं बोलत नाही, दोन रात्री मी त्या फोटोचाच विचार करतोय.

हे देवानं उघडलेलं दार आहे, की मीच ढकलतोय? देवाची वेळ ओळखायची कशी? गुळगुळीत उत्तर नको, एवढी विनंती.

---

धन्य_परिवार
10 डिसेंबर, सकाळी 6:15

प्रेज द लॉर्ड भाऊ. यिर्मया 29:11 वाचा. त्याच्या योजना हिताच्या आहेत, अनिष्टाच्या नाहीत. तुम्ही फक्त विश्वास धरा, प्रभूची वेळ परिपूर्ण आहे. आम्ही प्रार्थनेत आठवण ठेवतो. आमेन.

---

जागलकरी_आर्णी
10 डिसेंबर, सकाळी 9:40

आभारी आहे. पण ते वचन आमच्या कॅलेंडरवर आहे, भावाच्या गाडीच्या काचेवर आहे, आणि मी सध्या ज्यातून चहा पितोय त्या कपावर पण आहे.

---

बांधावरचा_मित्र
10 डिसेंबर, दुपारी 1:05

भाऊ, मी तुमच्या धर्माचा नाही, आमच्या घरी माळकरी. पण हा धागा दिसला आणि राहवलं नाही. आमच्या मावसभावानं असंच केलं होतं. सव्वा लाख दिले. नवव्या दिवशी ती मुलगी अंगावरच्या डोरल्यासकट गेली. तो आठ दिवस घराबाहेर निघाला नाही, आणि गाव अजून हसतं. माझं म्हणणं दुसरंच आहे. त्या नऊ दिवसांत ती सारखी रडत होती, हे त्याची आई आता सांगते. तेव्हा नाही सांगितलं. कागद बघा, वय बघा, तिच्या घरी स्वतः जा. मुलगी फसवून नाहीतर विकून आणलेली निघाली तर प्रकरण मानवी तस्करीत जातं, भारतीय न्याय संहितेत त्याला कलम 143 आहे. पैसे देणारा आपण तर कशातच नव्हतो असं म्हणू शकत नाही.

---

संत्रेवाले_काकाजी
11 डिसेंबर, रात्री 8:30

बाबू, मी वरुडकडचा. वय 61. तुझं लिहिलेलं परवाच वाचलं, पण थांबलो. मी मंडळीत बारा वर्षं वडील (एल्डर) होतो. त्या काळात लगेच दिलेली माझी बहुतेक उत्तरं पाठ केलेली होती.

आधी त्या कपावरच्या वचनाचं. ती एक चिठ्ठी आहे. यिर्मया यरुशलेमेत बसलेला आणि लोक बाबेलात धरून नेलेले. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. कोणाला आवडणार नाही? मग यिर्मयाची चिठ्ठी येते आणि त्यात आकडा आहे सत्तर. दहावं वचन वाच. अकरावं त्यालाच लागून आहे, पण कपावर दोन्ही मावत नाहीत. चाळिशीतल्या माणसानं ती चिठ्ठी ऐकली असेल तर त्याला तिथंच कळलं असेल की आपली माती इथंच. आणि त्याच चिठ्ठीत वर पाचव्या-सहाव्या वचनात काय आहे? घरं बांधा, मळे लावा, त्याचं फळ खा, लग्नं करा, पोरापोरींची लग्नं लावा. सामान बांधून एसटी स्टँडवर बसा असं नाही लिहिलं. बंदिवासातच मळा लावायला सांगितलं. मी शेतकरी म्हणून सांगतो, ज्या जागेवरून आज ना उद्या जायचं आहे तिथं झाड लावणं फार जड जातं.

आता तुझ्या प्रश्नाचं. सध्या माझ्या बागेचं पाणी तोडलं आहे, अंबिया बहारासाठी. संत्र्याला ताण दिल्याशिवाय फूल नीट येत नाही हे तुमच्या कापसाच्या भागात कदाचित माहीत नसेल. हलकी जमीन असेल तर महिना-सव्वा महिना, माझ्यासारखी भारी काळी असेल तर दीड-दोन महिने पाणी बंद. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. सकाळी बागेत गेलं की झाडं आपल्याकडे पाहतात असं वाटतं.

बाप वारला तेव्हा मी 24 चा होतो. पहिल्याच वर्षी मला ते पाहवलं नाही. शेजारच्यानं पाणी सोडलं, त्याची जमीन हलकी होती हे डोक्यात आलं नाही, आणि मी अठराव्या दिवशी रात्री मोटर सुरू केली. पंधरा दिवसांत बाग हिरवीगार. पालवीच पालवी. येणारा-जाणारा म्हणायचा, काय देखणी बाग ठेवली पोरानं! फुलं मात्र हातावर मोजण्याइतकी. व्यापारी बांधावरूनच मागे फिरला.

इथं थांबलो असतो तर छान साक्ष झाली असती. पण पुढच्या वर्षी मी त्याच चुकीच्या धाकानं ताण इतका लांबवला की चाळीस झाडं वाळली. फांद्यांची सल निघाली, बुडापर्यंत. त्यामुळे तुला मी असं म्हणणार नाही की देव तुला ताण देतोय, आता फूल येईल. मंडळीत असं म्हणणारे पुष्कळ आहेत. माझ्या बागेला ताण देणारा मी होतो आणि मी दोन्ही बाजूंनी चुकलो. देवाचा हिशेब मला येत नाही.

माझी घरची कॅन्सरनं गेली. चौदा महिने नागपूरच्या फेऱ्या, मंडळीची साखळी प्रार्थना, उपास. कबरेवर माती टाकून हात धुतले नव्हते, तेवढ्यात एक जण म्हणाला, देवाची वेळ होती. मी त्याच्याशी दोन वर्षं बोललो नाही. त्या दोन वर्षांत मी योहानाचा अकरावा अध्याय किती वेळा वाचला असेल! लाजर आजारी आहे असा निरोप मिळाल्यावर येशू आणखी दोन दिवस तिथंच राहिला. मुद्दाम. पोचला तेव्हा कबरेत चार दिवस झालेले. मार्था तोंडावर म्हणते, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. तिला कोणी म्हटलं नाही की बाई, तुझा विश्वास कमी पडतो. पुढे तिची बहीण मरियाही तेच म्हणते, आणि तो रडतो. लाजर उठला. माझी घरची नाही उठली. मी अजून चर्चला जातो. का, ते मला नीट सांगता येत नाही. रविवारी सकाळी पाय तिकडेच वळतात.

दलालाबद्दल एकच. 1 शमुवेल 13 वाच. शौल राजाला संदेष्टा शमुवेल येऊन होम करीपर्यंत सात दिवस थांबायचं होतं. समोर पलिष्टी जमलेले, इकडे माणसं एकेक करून पांगायला लागली. सातवा दिवस आला तरी शमुवेल दिसेना. मग त्यानं स्वतःच होम केला, आणि होम संपतो न संपतो तोच शमुवेल समोर. मला शौलाची दया येते, खरंच. मी पण तेच केलं असतं. पण एक बघ, त्यानं धीर सोडला तो पांगणारी माणसं पाहून. तुला कोण पांगताना दिसतंय? चाकणचा भाऊ? गावातली पोरं? आईचं वय? आधी ते नाव घे, मग प्रार्थना कर. मोघम प्रार्थना मोघमच राहते.

आणि तुझ्या आईनं दुसरी पुरणपोळी वाढली ना, ती बाई मोठी आहे.

---

धारणीची_सिस्टर
11 डिसेंबर, रात्री 10:55

काकाजींनी चांगलं लिहिलं. मी जरा कडक लिहिते, राग मानू नका दादा.

मी नर्स आहे, मेळघाटात. वय 41, लग्न झालेलं नाही. पुरुष 35 चा झाला की म्हणतात देवाची वेळ यायची आहे. बाई 35 ची झाली की म्हणतात राहून गेली. मला महिला मंडळात अजून "लग्नासाठी विशेष प्रार्थना" या यादीत ठेवतात. मी दोनदा सांगितलं नाव काढा म्हणून. रात्री दोन वाजता बाळंतपण सुटं करून हात धुते तेव्हा माझं आयुष्य सुरू व्हायचं बाकी आहे असं मला वाटत नाही. हे तुम्हाला टोमणा म्हणून नाही. तुमचं एकटेपण खरं आहे, मला ते माहीत आहे, नाताळच्या रात्री जेवणाचा एकच डबा उघडताना चांगलंच माहीत असतं.

पण उत्पत्तीचा सोळावा अध्याय काढा. अब्राम हारानातून निघाला तेव्हा 75 चा. देवानं कबूल केलेला मुलगा, इसहाक, झाला तेव्हा 100 चा. मधली पंचवीस वर्षं आपण प्रवचनात एका वाक्यात उडवतो. त्यातली दहा-अकरा वर्षं गेल्यावर त्याच्या बायकोनं, सारायनं, तोड काढली: घरातल्या मिसरी मोलकरणीपासून नवऱ्याला मूल. सगळे प्रवचनकार म्हणतात, बघा, अब्रामानं धीर सोडला, अडचणी वाढल्या. कोणाच्या अडचणी? पोटुशी असताना वाळवंटात पळाली ती हागार. घाई यांची आणि भोगलं तिनं.

आता एक गोष्ट नीट वाचून बघा. त्या अध्यायात साराय तिला "माझी दासी" म्हणते. अब्राम म्हणतो "तुझी दासी". दोघांच्या तोंडी तिचं नाव एकदाही येत नाही. नावानं हाक मारतो तो देवाचा दूत, पाण्याच्या झऱ्याजवळ, आणि विचारतो तू कोठून आलीस, कोठे चाललीस. तिला कोणी तरी विचारलं! मग ती देवाला नाव ठेवते, पाहणारा देव.

तुमची पोस्ट मी तीनदा वाचली दादा. आईची साडी आहे, तिचा रंग आहे. मुलीच्या बापाच्या हाताचे घट्टे आहेत. डुकरं आहेत. त्या मुलीचं नाव नाही. फोटो आहे आणि रेट आहे.

उघडलेलं दार की ढकललेलं, एवढंच तुम्ही विचारता. त्या दारात दुसऱ्या बाजूला कोणी उभं आहे का, ते आधी विचारा. तिला मराठी येते का? तिला माहीत आहे का कुठं जायचं आहे? वय 18 पूर्ण आहे का? आमच्याकडे तपासणीला अशी एक मुलगी आली होती, नवऱ्याच्या गावातली कोणतीच भाषा तिला येत नव्हती. कुठं दुखतं हे तिनं माझा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवून सांगितलं. सासू शेजारी उभी राहून तिच्या वतीनं सगळी उत्तरं देत होती.

काही संशय आला तर 181 ला फोन करा. महिला हेल्पलाइन आहे.

---

जागलकरी_आर्णी
12 डिसेंबर, पहाटे 4:20

सिस्टर, राग आला होता. खोटं कशाला सांगू. रात्री अकराला वाचलं असतं तर काहीतरी उलटं लिहिलं असतं. बरं झालं रेंज नव्हती.

नाव विचारलं मी. आत्ता नाही, काल संध्याकाळीच, तुमचं वाचायच्या आधी, पत्रिकेच्या निमित्तानं. दलाल म्हणाला, "सध्या पूजा लिहा."

सध्या.

काकाजी, पांगणारं माणूस कोण ते मी विचार केला. भाऊ नाही. आई पण नाही. गावात माझ्या वयाचे आम्ही सात जण बिनलग्नाचे होतो, सगळ्या जातीधर्माचे, पारावर बसायचो. त्यातल्या तिघांचं यंदा जमलं. पारावर आता आम्ही चार. हे लिहिताना सुद्धा लाज वाटते, पण तेच आहे.

---

निवृत्त_गुरुजी_काटोल
12 डिसेंबर, दुपारी 4:10

सर्व वाचले. दोन गोष्टी सांगतो, मग थांबतो, कारण माझी मुलगी म्हणते बाबा कमेंटचा निबंध करतात.

एक. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी. त्या मधल्या काळात त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या, रडल्या, चिडल्या, आणि नवऱ्याच्या देवाकडे आल्या त्या स्वतःच्या पायांनी. टिळकांची घडी आणि त्यांची घडी एक नव्हती. दलाल तुम्हाला सांगतो "बाप्तिस्मा घेते ना ती". लक्ष्मीबाईंच्या बाबतीत असे कोणी म्हणून पाहायला हवे होते!

दोन. तुम्ही जागलीवरून लिहिता म्हणून 130 वे स्तोत्र वाचा. पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्याहून माझा जीव प्रभूची अधिक वाट पाहतो, असे तिथे आहे, आणि ते पहारेकऱ्याचे शब्द लागोपाठ दोनदा आले आहेत. मी शाळेत असताना वाटायचे, छपाईची चूक असेल. मग एकदा बाबांच्या ऐवजी ज्वारीच्या राखणीला गेलो. दोन वाजता वाटले पहाट झाली. अडीचला वाटले. तीनला पुन्हा वाटले. पहाट आपण आणू शकत नाही, डुक्कर आले तर तेवढे हाकलायचे असते. याकोबाच्या पत्रातला शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहतो म्हणतात, पण वाट पाहताना तो काय करतो ते याकोबाने लिहिले नाही. बहुधा त्याला वाटले असेल की शेतकऱ्याला हे काय सांगायचे.

---

धन्य_परिवार
12 डिसेंबर, संध्याकाळी 7:30

भाऊ, आधीच्या उत्तराबद्दल माफ करा. आम्ही रोज सकाळी पन्नास जणांना वचन पाठवतो, तसंच तुम्हाला पाठवलं. आमचा मोठा मुलगा 38 चा आहे. त्याच्यासमोर हे वचन आम्ही आता घेत नाही.

---

जागलकरी_आर्णी
27 डिसेंबर, रात्री 10:05

नाताळ झाला, म्हणून उशीर. बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं काय झालं.

13 तारखेला दलालाला फोन केला. म्हटलं पैसे तयार आहेत, आधी मुलीशी दहा मिनिटं बोलू द्या, तुम्ही बाजूला नसताना. म्हणाला ती लाजते. म्हटलं मग मी तिच्या गावी येतो, आईला घेऊन. पत्ता द्या. म्हणाला असं कोणी करत नाही. मी म्हटलं मी करतो. त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन, 1 लाख 40 करतो, आज हो म्हणा. चाळीस हजार एका रात्रीत उतरले तेव्हा माझ्या पोटात खरंच गोळा आला, कारण खताच्या दुकानात पण असा भाव उतरत नाही. नाही म्हटलं. 181 ला फोन लावला, जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. पत्ता नाही, खरं नाव नाही, फक्त त्याचा नंबर आणि फोटो. त्यांनी लिहून घेतलं. पुढं काय झालं मला माहीत नाही. ती मुलगी कुठे आहे, दुसऱ्या कोणी पैसे दिले का, हे रात्री माळ्यावर डोक्यात येतं. सिस्टर, तिचं खरं नाव मला अजून माहीत नाही, पण प्रार्थनेत तिला घेतो. पूजा म्हणत नाही. नुसतं "ती" म्हणतो.

मला बरं वाटतं का? नाही. लोक साक्ष देतात की निर्णय घेतला आणि मनाला शांती आली. मला शांती-बिंती आली नाही. तीन दिवस तर नुसता चिडचिड करत होतो, बैलावर पण ओरडलो. सोयाबीनच्या पैशातून सोसायटीचं कर्ज भरलं, उरलेल्यात विहिरीतला गाळ काढायचा आहे. काकाजी, तुमचं वाचून बांधावर आंब्याची चार कलमं लावायचं ठरवलं आहे, पावसाळ्यात. आता लावली तर पाणी कोण घालणार.

ते वडील, ज्यांनी विश्वास कमी पडतो म्हटलं होतं, नाताळच्या उपासनेनंतर हात मिळवायला आले. मी हात मिळवला. त्याहून जास्त काही अजून जमत नाही.

बाकी आईचं सांगतो. 25 ला सकाळी मी चर्चला जायला गाडी पुसत होतो. घरातून डांबरगोळ्यांचा वास आला. मनात म्हटलं, आज नाताळच्या दिवशी पण हिला घडी बदलायचं सुचतं! पाहतो तर आई दारात, अंगावर ती मोरपंखी साडी. काठाजवळ दोन ठिकाणी जर चिरली होती, तिनं आतून बारीक टाके घातले होते. कधी घातले देव जाणे.

मी काही बोललोच नाही. तीच म्हणाली, "पाहून काय राह्यला? घड्या मोडू मोडू इरून गेली असती थे. नेसली मी. सुनीसाठी दुसरी घेऊ, तुरीचे पैशे आले का."

मग गाडीवर मागे बसली आणि म्हणाली, हळू चालव, पदर चाकात जाईन.